'हॅव' आणि 'आहे' : इंग्रजी अध्यापनातील एक अडसर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून सुरू झाला. त्यामुळे सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतील खेड्यांतही लहान मुलांच्या कानी इंग्रजी शब्द पडू लागले. तथापि शब्द आले तरी वाक्य अडते. ते कोठे अडते, हे 'हॅव' या नित्याच्या क्रियापदावरून चांगले उमगते.

मराठीची रीत

'मला दोन भाऊ आहेत', 'वडिलांजवळ दोन बैल आहेत', 'घराला दोन दारे आहेत', 'तिला ताप आहे' या वाक्यांत नाते, मालमत्ता, भाग, आजार असे निरनिराळे संबंध आहेत. मराठी प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय बदलते. क्रियापद मात्र 'असणे' हेच ठेवते. इंग्रजी या सर्व ठिकाणी 'हॅव' योजते.

खरी मेख पुढे आहे. मराठी क्रियापद वस्तूकडे पाहते : बैल दोन, म्हणून 'आहेत'. इंग्रजी क्रियापद धन्याकडे पाहते : वडील एक, म्हणून 'माय फादर हॅज टू बुलक्स'. विद्यार्थी मात्र 'आहेत' या अनेकवचनावरून 'माय फादर हॅव' असे लिहितो. 'हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत' याचेही तसेच. तालुके पाच असले तरी जिल्हा एकच. म्हणून 'हिंगोली डिस्ट्रिक्ट हॅज फाइव्ह तालुकाज'.

एकच सूत्र

हेच सूत्र अन्य ठिकाणीही लागू पडते. 'तिने पत्रे लिहिली आहेत' यात मराठी क्रियापद पत्रांशी जुळते; इंग्रजीत 'शी हॅज रिटन लेटर्स'. 'तिला रोज घागरी भराव्या लागतात' यात ते घागरींशी जुळते; इंग्रजीत 'शी हॅज टू फिल द पॉट्स एव्हरी डे'. आय, यू, वुई, दे आणि अनेकवचनी नामे यांच्यासोबत 'हॅव'. तृतीयपुरुषी एकवचनासोबत 'हॅज'. भूतकाळात सर्वांना 'हॅड' चालते. नकारात मात्र 'डज' हा शब्द एकवचनाची खूण स्वतःकडे घेतो आणि 'हॅज'चे पुन्हा 'हॅव' होते : 'माय फादर डज नॉट हॅव बुलक्स'.

वर्गात काय करावे ?

फळ्यावर प्रथम मराठी वाक्य लिहावे. 'हे कोणाचे ?' असा प्रश्न विचारून धन्याच्या नावाभोवती वर्तुळ काढावे. वर्तुळात एक की अनेक, हे मुलांनीच सांगावे आणि मगच क्रियापद निवडावे. उदाहरणे शेत, घर, हळद, विहीर अशी परिसरातील घ्यावीत.

मुलाची ही चूक निष्काळजीपणाची नसते. ती त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणाला धरून असते. वहीत केवळ लाल फुली मारल्यास मूल बोलायचेच थांबते. कारण समजावून दिल्यास ते स्वतःचे वाक्य स्वतः सुधारते. पंचायत सदस्यांनी व शाळा व्यवस्थापन समितीने शाळाभेटीत मुलांना एवढेच विचारावे : आपल्या गावात काय काय आहे, ते इंग्रजीत सांगा. 'अवर व्हिलेज हॅज...' असे उत्तर निर्भयपणे आले, की पाया भक्कम झाला असे समजण्यास हरकत नाही.