भय आणि दक्षता

सन २००९ च्या ऑगस्ट महिन्यात पुणे शहरावर एका नव्या तापाचे सावट पसरले. लोक त्यास ‘स्वाइन फ्लू’ म्हणत. ३ ऑगस्ट रोजी या रोगाने भारतातील पहिला बळी घेतला, तो पुण्यातच. वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर मृतांचे आकडे सतत झळकू लागले. किती रुग्ण बरे होऊन घरी परतले, हे त्यामानाने कमी ऐकू येई. नगरजन भयभीत झाले. शाळा व चित्रपटगृहे बंद झाली. मुखपट्ट्यांसाठी औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. साधे पडसे झालेले लोकही नायडू रुग्णालयापुढे रांगा लावू लागले. ज्या रोगाचे भय, त्याच्याच दारी माणसे अशी आपल्या पायांनी गेली!

रोग खरा होता. त्याची उपेक्षा घातकच ठरली असती. परंतु तो खोकला व शिंक यांच्या तुषारांतून पसरतो. म्हणून तोंडावर रुमाल धरणे, हात साबणाने धुणे, आजारी असता घरी राहणे आणि श्वास लागू लागताच डॉक्टरांकडे जाणे, हे उपाय हिताचे होते. बहुतेक रुग्ण बरे झाले. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगव्यापी साथ संपल्याचे घोषित केले. आकडा ऐकताच धावत सुटण्यापूर्वी तो काय सांगतो व काय सांगत नाही, याचा शांतपणे विचार करणे, हीच सुजाण नागरिकाची रीत होय.