बालकाचा आकस्मिक आजार : पहिली पाच मिनिटे

संध्याकाळची सहा-सातची वेळ. डोंबिवलीतील एखाद्या इमारतीत किंवा कल्याणच्या एखाद्या चाळीत आई आणि दीड वर्षाचे मूल एवढीच माणसे घरात आहेत. वडील अद्याप लोकलगाडीत आहेत. मुलाला सकाळपासून ताप आहे. एकाएकी त्याचे डोळे वर चढतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात. हाक मारली तरी ते ओ देत नाही. आरडाओरडा ऐकून शेजारी धावून येतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालावयास सांगतो, कोणी तोंडावर पाणी मारतो. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. परंतु हेतू चांगला म्हणून उपायही योग्य असतो असे नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांत दवाखान्यांची वाण नाही. तरीही अशा प्रसंगाची पहिली काही मिनिटे ना डॉक्टरांच्या हाती असतात, ना रुग्णवाहिकेच्या. ती मातापित्यांच्या हाती असतात. भीतीच्या क्षणी नवे काही शिकता येत नाही. आधी शिकलेले असेल तेवढेच आठवते. म्हणून हे शिक्षण प्रसंग ओढवण्यापूर्वीच घरोघरी पोहोचले पाहिजे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना या कामी मोठे साहाय्य करता येण्यासारखे आहे.

तापातील आकडी

वर वर्णन केलेला प्रकार बहुधा तापातील आकडीचा असतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील दर शंभर मुलांपैकी सुमारे २ ते ५ मुलांना ती केव्हा ना केव्हा येते. या वयात मेंदूची वाढ चालू असते आणि ताप चढताना तो सहज उत्तेजित होतो. काही कुटुंबांत ही प्रवृत्ती आनुवंशिकही असते. आकडी पाहणाऱ्याला मूल हातचे गेले असे वाटते. वस्तुतः बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. एकदा आकडी आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढे तापात ती पुन्हा येऊ शकते. परंतु त्यांतील बहुसंख्य मुले मोठेपणी पूर्ण निरोगी असतात.

या वेळी करावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. मुलाला जमिनीवर किंवा सपाट अंथरुणावर एका कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ अथवा उलटी बाहेर वाहून जाईल व श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात. आणि घड्याळ पाहावे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिचे महत्त्व फार मोठे आहे. भेदरलेल्या माणसाला दोन मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. आकडी नेमकी किती वेळ टिकली हे डॉक्टरांना कळले, तर उपचाराची दिशा ठरविणे सोपे जाते. आकडी पाच मिनिटांहून अधिक काळ चालू राहिली, तर ती आपोआप थांबेल या भरवशावर न राहता तत्काळ मदत मागवावी. ती थांबविण्यासाठी औषध द्यावे लागते.

पहिल्यांदाच आकडी आली असेल, तर ती लवकर थांबली तरीही मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, त्याची मान ताठ झाली असेल, टाळू फुगली असेल, आकडी ओसरल्यावरही ते शुद्धीवर येत नसेल, किंवा एकाच दिवसात आकडी पुन्हा आली असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. ही मेंदूच्या किंवा त्याच्या आवरणाच्या दाहाची लक्षणे असू शकतात.

काय करू नये, आणि का

दातांत चमचा घालण्याची रूढी सर्वत्र आढळते. आकडीत मूल जीभ गिळते, ही तिच्यामागची समजूत. जीभ गिळली जाणे शरीररचनेनुसार शक्यच नाही. चमच्याने मात्र दात तुटतो, हिरडी फाटते, आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जाण्याचा धोका निर्माण होतो. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी किंवा औषध ओतले, तर ते पोटात न जाता फुप्फुसात उतरू शकते. हातपाय दाबून धरल्याने आकडी थांबत नाही. हाडाला किंवा सांध्याला इजा मात्र होते. कांदा अथवा जोडा हुंगविल्याने आकडी थांबली असे अनेकांना वाटते, कारण तेवढ्या अवधीत ती स्वतःहूनच थांबणार असते. या उपायाचा खरा तोटा वेगळा आहे. तो करण्यात सर्वजण गुंतून राहतात आणि मुलाला कुशीवर वळविण्याचे राहून जाते.

बर्फाच्या पाण्याने आंघोळ घालणे हेही टाळावे. त्याने मूल कुडकुडते. तापाचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात जरूर द्यावे, त्याने मुलाला आराम पडतो. परंतु औषध दिले म्हणजे आकडी येणारच नाही, अशी हमी नाही. औषध देऊनही आकडी आली, तर आईने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

श्वास कोंडतो तेव्हा

आकडीत वाट पाहण्यास काही मिनिटे मिळतात. घशात वस्तू अडकली असता तीही मिळत नाहीत. फुटाणा, शेंगदाणा, चिंचोका, नाणे, फुग्याचा तुकडा या नित्याच्या वस्तू लहान मुलाचा श्वास कोंडण्यास पुरेशा असतात.

येथे पहिला प्रश्न असा की मूल खोकते आहे काय? खोकत असेल, रडत असेल, तर हवा आत-बाहेर जात आहे. त्याला खोकू द्यावे. पाठीत धपाटे घालू नयेत. आवाज फुटत नसेल, खोकला निघत नसेल, चेहरा काळानिळा पडत असेल, तरच पुढील कृती करावी. एक वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खालच्या बाजूस ठेवून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. वस्तू न पडल्यास बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. त्यानंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवावी आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. बाळाच्या बाबतीत मात्र पोटावर दाब कधीही देऊ नये. यकृताला इजा होण्याचे भय असते. वस्तू दिसत नसताना घशात बोट फिरवू नये. त्याने ती अधिकच खोल जाते.

मूल निपचित पडले, तर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्याची क्रिया सुरू करावी लागते. ती वाचून पुरती साध्य होत नाही. प्रशिक्षित व्यक्तीकडून बाहुलीवर सराव करूनच ती अंगवळणी पडते.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. शेंगदाणा खाताना ठसका लागला व मूल नंतर बरे दिसले, तरी खोकला किंवा छातीत शिटीसारखा आवाज राहिल्यास त्याची तपासणी करून घ्यावी; दाण्याचा तुकडा श्वासनलिकेच्या फाट्यात, बहुधा उजव्या बाजूस, रुतून बसलेला असू शकतो. खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेल्यास तर त्वरेने रुग्णालय गाठावे. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच आतून भाजल्यासारखी जखम करते.

शहराबाहेरचा धोका

कल्याणहून मुरबाडकडे किंवा शहापूरकडे निघाले की ठाणे जिल्ह्याचे रूप पालटते. भातखाचरे, वीटभट्ट्या, डोंगरउतारावरील पाडे. येथे बालकाचा आकस्मिक आजार म्हणजे पुष्कळदा साप किंवा विंचू यांचा दंश असतो. वेळीच ओळखलेल्या लक्षणाने काय साधते, याचे बोलके उदाहरण कोकणपट्टीतच घडलेले आहे. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशानंतर मुले उलट्या करतात, घामाने न्हाऊन निघतात, त्यांचे हातपाय गार पडतात आणि अखेर हृदय व फुप्फुसे निकामी होतात, हा क्रम त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदविला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी सुरू केला. तो अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४० च्या आसपास होते, ते या उपचाराने शेकडा १ पर्यंत उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गोळी होती, पण ती लवकर द्यावी लागते. विंचवाने दंश केलेल्या मुलाला घाम आणि उलटी सुरू झाली की मांत्रिकाची वाट न पाहता त्याला आरोग्य केंद्रात नेले, तरच तिचा लाभ होतो. सर्पदंशातही हेच. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता मुलाला उचलून न्यावे, चालवू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी जातींवर चालणारी प्रतिविष लस शासकीय रुग्णालयात मिळते.

रुळांच्या अलीकडे की पलीकडे

मुलाला कोठे न्यावयाचे, हा प्रश्नही आधीच सोडवून ठेवला पाहिजे. कल्याण व डोंबिवली या शहरांचे रेल्वेने पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही दोन्ही महापालिकेची रुग्णालये पश्चिम भागात आहेत. पूर्वेच्या रहिवाशाला तेथे जाण्यासाठी रूळ ओलांडावे लागतात. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडण्यात आला व नवा २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूलही २०१९ ते २०२१ या काळात बंद होता. त्या काळात वळशाच्या वाटेचा खरा अर्थ आजारी मूल मांडीवर असलेल्यांनाच कळला असेल. रुळांच्या आपल्या बाजूस रात्री-अपरात्री उघडे असणारे, मुलांचे डॉक्टर असणारे रुग्णालय कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने स्वस्थ असतानाच पाहून ठेवावे. मोठ्या उपचारांसाठी ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांचा आधार आहे. आणीबाणीच्या प्रसंगी प्रथमोपचार देणे हे शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिलेला आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक साधने होती. ही सेवा विनामूल्य आहे. दूरध्वनी करणाऱ्याने मुलाचे वय, काय झाले, केव्हापासून, आणि इमारतीचे नाव व जवळची ठळक खूण एवढे शांतपणे सांगावे, व समोरची व्यक्ती सांगेपर्यंत दूरध्वनी बंद करू नये. एका शेजाऱ्याने रस्त्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी. रुग्णालय अगदी जवळ असेल आणि रिक्षाने निघणेच इष्ट वाटले, तर बरोबर दुसरा माणूस असावा; एकाने मुलाच्या श्वासाकडेच लक्ष ठेवावे.

गावाने व शाळेने काय करावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन बालकांची तपासणी करतात. त्या दिवशी पालकांनाही बोलावून आकडी व श्वासरोध यांवरील कृती अर्ध्या तासात दाखविता येईल. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय घ्यावा. ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर १०८ हा क्रमांक, जवळचे आरोग्य केंद्र आणि रात्री वाहन देऊ शकणाऱ्या ग्रामस्थाचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा; सर्पदंशाची लस आणि प्राझोसिन गोळ्या आरोग्य केंद्रात शिल्लक आहेत की नाहीत, याची पावसाळ्यापूर्वी चौकशी करावी. गृहनिर्माण संस्थांनी इमारतीचे नाव व क्रमांक रात्रीही वाचता येईल असा लावावा. या कामांना फारसा खर्च नाही.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना या शिक्षणात आवर्जून सामील करून घ्यावे. संकटकाळी घराचा निर्णय बहुधा त्यांच्याच शब्दावर होतो. चमचा घालू नका, असे सुनेने म्हटले तर ते ऐकले जाईलच असे नाही. आजीने म्हटले तर चमचा खाली ठेवला जातो. मग कोणीतरी मुलाला कुशीवर वळवितो, कोणीतरी घड्याळाकडे पाहतो, कोणीतरी १०८ फिरवितो. त्या घरातील मूल रुग्णालयाच्या दारी पोहोचेल तेव्हा त्याचा श्वास मोकळा असेल, आणि डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला आईजवळ उत्तर असेल.