चैत्र-वैशाखातील कुटुंबाचे आरोग्य

(पेण व रोहे तालुक्यांतील प्राथमिक शाळांसाठी आरोग्यशिक्षणाचा एक पाठ)

इयत्ता : चौथी. तासिका : दोन. पाठ घेण्याचा काळ : होळीनंतरचा पंधरवडा.

विषयाचे प्रयोजन

पाठ्यपुस्तकातील वसंत ऋतू म्हणजे आम्रमोहर, कोकिळेचे कूजन आणि पळस-पांगाऱ्याची लाल फुले. पेण व रोहे तालुक्यांत हे सारे आहेच; परंतु याच दिवसांत खाडीकडून येणारी दमट हवा आणि डोक्यावर येणारा सूर्य यांची गाठ पडते. घरातील लहान मूल चिडचिडे होते, म्हाताऱ्या माणसाला घेरी येते, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि जुलाब-वांतीचे रोगी वाढतात. ही दुखणी ऋतूबरोबर येतात हे खरे. पण ती आलीच पाहिजेत असे मात्र नाही.

या विषयाचे गांभीर्य ध्यानी यावे म्हणून आपल्याच जिल्ह्यातील दोन घटना शिक्षकांनी माहीत करून घ्याव्यात. कुंडलिकेच्या खोऱ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. आकडा इतका मोठा होता की त्याविषयी शंका घेतली गेली व हवामान खात्यास तपासणी करावी लागली. दुसरी घटना अधिक दुःखद आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या एका मोठ्या समारंभास आलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी नजीकच्या केंद्रावर नोंदलेले तापमान चाळीस अंशांच्या आतच होते. पहिल्या घटनेतील आकड्याची चर्चा देशभर झाली. माणसे दगावली ती मात्र त्याहून पुष्कळ कमी आकड्याच्या दिवशी. हा विरोध कसा घडतो, हे समजावून देणे आणि त्यानुसार घरातील रोजच्या सवयी बदलणे, हेच या पाठाचे प्रयोजन होय.

शिक्षकांसाठी माहिती

मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेरची हवा त्याहून उष्ण झाली म्हणजे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच प्रमुख मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. घाम आल्याने शरीर निवत नाही. घाम वाळल्याने निवते. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अशा वेळी शरीरातील पाणी व मीठ तर जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावाचून उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाही. किनारपट्टीसाठी मात्र ही मर्यादा ३७ अंश धरली आहे. घाटावरच्या माणसाला जे ऊन सोसते ते कोकणातल्या माणसाला सोसेलच असे नाही, ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी.

आपल्या प्राचीन वैद्यकानेही या ऋतूचा वेगळा विचार केला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येत असे म्हटले आहे की, थंडीत साचलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो व भूक मंद करतो. यास्तव या दिवसांत आहार हलका असावा, जड व स्निग्ध पदार्थ टाळावेत. हलका आहार व बेताचे श्रम हा उपदेश आजही उपयोगी आहे. पाडव्याला कडुनिंबाचे पान खाण्याची चाल ऋतुबदलाची आठवण देणारी म्हणून चांगली. मात्र एका दिवसाच्या पानाने वर्षाचे आरोग्य मिळत नाही, हे मुलांना गोडीने समजावून द्यावे.

उन्हाचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. तान्ही मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व दीर्घकाळ आजारी असलेली माणसे यांना तो लवकर होतो. तसेच मिठागरात, वीटभट्टीवर, बांधबंदिस्तीवर राबणारे मजूर आणि डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणणाऱ्या स्त्रिया यांना ऊन टाळता येत नाही. पाठ शिकवताना आपल्या वर्गातील कोणत्या मुलाचे घर यांपैकी आहे, याचे भान शिक्षकाने ठेवावे.

साहित्य

एकाच आकाराचे तीन रुमाल, झाकणाचा एक मोठा डबा, पाणी, पुठ्ठ्याचा पंखा, एक लिटर मापाचे भांडे, चहाचा चमचा, साखर व मीठ.

पाठाचे टप्पे

पहिला टप्पा : प्रस्तावना. पुढील प्रश्न विचारून मुलांच्या अनुभवातून विषय काढून घ्यावा. काल दुपारी घरातील कोण कोण बाहेर होते? कोणाला सर्वांत जास्त घाम आला? वारा पडला म्हणजे कसे वाटते? पत्र्याच्या घरात व कौलारू घरात काय फरक जाणवतो? उत्तरे फळ्यावर लिहावीत. ती चूक की बरोबर हे लगेच सांगू नये.

दुसरा टप्पा : प्रयोग. एका मुलाचा एक हात ओला करावा व दुसरा कोरडा ठेवून दोन्हींवर पंख्याने वारा घालावा. ओला हात गार लागतो, हे त्याने वर्गाला सांगावे. नंतर तिन्ही रुमाल सारखे भिजवून पिळावेत. एक वाऱ्याच्या ओसरीत, दुसरा दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत टांगावा; तिसरा तळाशी थोडे पाणी घातलेल्या डब्यात, पाण्याला लागणार नाही असा अडकवून झाकण लावावे. पहिली तासिका संपताना तिन्ही हातांत घेऊन पाहावेत. ओसरीतला बराच सुकलेला असेल, खोलीतला कमी आणि डब्यातला जवळजवळ तसाच. डब्यातली हवा म्हणजे वारा पडलेल्या दमट दुपारची हवा आणि रुमाल म्हणजे आपली घामेजलेली कातडी, हे साम्य मुलांकडूनच वदवून घ्यावे. ही गोष्ट एकदा पटली की खिडकी उघडी का ठेवावी, सैल सुती कपडा का घालावा, बंद पत्र्याच्या खोपटात तान्हे मूल दुपारी का निजवू नये, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरा टप्पा : दिवसाचा क्रम. वर्गाच्या मदतीने फळ्यावर घरातील दिवसाचे कोष्टक करावे. मोळी, पाणी, शेताची कामे सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर. दुपारी १२ ते ३ सावलीत. बाहेर जाणे भाग पडल्यास डोक्यास टॉवेल किंवा टोपी व जवळ पाणी. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी व थोडी होऊ लागली म्हणजे शरीर पाणी मागते आहे, ही खूण मुलांना संकोच न बाळगता सांगावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. त्याला आईचे दूध पुरेसे असते. पाणी अधिक प्यायचे ते आईने.

चौथा टप्पा : पेय तयार करणे. ताक, कैरीचे पन्हे, कोकम व लिंबाचे सरबत, नाचणीची आंबील आणि मीठ घातलेली भाताची पेज ही आपल्या घरची उत्तम पेये होत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हे व आंब्याची डाळ देण्याची प्रथा ऋतूला साजेशीच आहे. जुलाब लागले असता दवाखान्यातील क्षार-संजीवनीची पुडी, तिच्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवून द्यावी. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हे वर्गात मुलांच्या हातून करवून घ्यावे व माप चुकू देऊ नये. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो. एका दिवसानंतर उरलेले टाकून द्यावे. या साध्या उपायाचे सामर्थ्य १९७१ साली बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिसून आले. पटकीची साथ असता व शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण मुखावाटे देण्याची व्यवस्था केली आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले.

पाणी व अन्न

पेणच्या खारेपाटात पिण्याच्या पाण्याची ओढ जुनी आहे. जेथे पाणी थोडे तेथे ते साठवावे लागते, आणि साठवलेले पाणी हात बुडवल्याने बिघडते. यास्तव हंडा व माठ झाकलेला असावा, पाणी दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. सार्वजनिक विहिरीत जंतुनाशक पावडर वेळेवर पडते की नाही, याची चौकशी मोठ्या मुलांनी ग्रामपंचायतीत करण्यास हरकत नाही. तो नागरिकशास्त्राचाच पाठ होईल.

रोह्याकडे स्थिती निराळी आहे. भिरा येथील वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका चैत्रातही वाहती असते. मुलांना पोहण्याचा मोह होतो. परंतु वीजगृहातून पाणी सुटताच पात्रातील पातळी व ओढ एकाएकी वाढते. जाणत्या पोहणाऱ्या माणसाशिवाय नदीत उतरू नये, ही सूचना सुट्टी लागण्यापूर्वी पुन्हा द्यावी.

शिजवलेला भात व आमटी या हवेत लवकर आंबते. दुपारचे रात्री व रात्रीचे सकाळी खाण्याची पाळी येऊ नये इतकेच रांधावे. उघड्यावरचे बर्फाचे गोळे व कापून ठेवलेली कलिंगडे यांऐवजी घरचे भिजवलेले पोहे व ताक हा मधल्या वेळचा चांगला आहार आहे.

उष्माघाताची लक्षणे व पहिला उपाय

डोके दुखणे, घेरी, मळमळ, पायात गोळे येणे ही पूर्वसूचना होय. अशा माणसाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून पाणी द्यावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये. अंगावर सतत पाणी शिंपडून जोराने वारा घालावा. मान, काखा व जांघा यांत ओले गार फडके ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामास येत नाही. कांदा हुंगवणे, कांद्याचा रस चोळणे यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. जीव वाचतो तो पहिल्या काही मिनिटांत अंग गार केल्याने.

या दिवसांतील इतर काळजी

गोवर व कांजिण्या यांचे रोगी या ऋतूत दिसतात. गोवराची लस मुलास नऊ महिने पूर्ण झाल्यावर व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळते. धाकट्या भावंडांना ती मिळाली काय, हे कार्ड पाहून सांगण्यास मुलांना लावावे. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये व त्याला ॲस्पिरिन देऊ नये.

राब भाजण्याच्या वेळी धूर वस्तीकडे येणार नाही असा वारा पाहावा. दम्याच्या माणसास व तान्ह्या मुलास दूर ठेवावे.

उकाड्यामुळे माणसे अंगणात, जमिनीवर निजतात व पावसापूर्वी लाकडे-कौले हलवतात. तेव्हा विंचू चावतो. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात शंभरातील सुमारे चाळीस गंभीर रोगी दगावत. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. औषध आहे, ते मिळण्यास रोगी वेळेवर रुग्णालयात पोहोचला पाहिजे. दंशानंतर घाम, वांती, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठावे.

स्वाध्याय व मूल्यमापन

१. डब्यातला रुमाल का सुकला नाही, ते घरी आजीला समजावून सांगा व तिने काय विचारले ते लिहून आणा.
२. घरातील कोण दुपारी उन्हात काम करते? त्यांच्या कामाची वेळ बदलता येईल का, ते विचारा.
३. साखर-मिठाचे पाणी आईसमोर करून दाखवा.
४. पूर्वसूचना व उष्माघात यांतील फरक सांगा.

लेखी उत्तरांपेक्षा मुलाने घरी काय करून दाखवले, यावरून पाठाचे यश ठरवावे.

एक विशेष सूचना

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. हा पाठ ज्या दिवसांत घ्यावयाचा, त्याच दिवसांत त्यांची मुले बहुधा वर्गात नसतात. आणि ऊन सर्वांत जास्त सोसावे लागते ते त्यांनाच. हजेरीपटावरील त्या रिकाम्या जागांसाठीही हा पाठ आहे. शाळेच्या परिसरात भट्टी असल्यास शिक्षकाने एका सकाळी तेथे जावे, रुमालाचा व साखर-मिठाच्या पाण्याचा पाठ तेथेच द्यावा, आणि तान्ह्या मुलांसाठी सावली व पिण्याचे झाकलेले पाणी भट्टीवर आहे काय, ते पाहून नसल्यास भट्टीमालकाशी बोलावे. आपल्या गावची मुले दूरच्या भट्टीवर जात असतील, तर हा पाठ त्यांना दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच द्यावा.