पोळी आणि टाळी : मोबदला घेऊन केलेल्या लेखनाची नीती



‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण हसत हसत उच्चारतो. परंतु टाळी वाजविणारा जेव्हा लेखक असतो आणि ती ऐकणारा आपल्या आजारी मुलाच्या काळजीने व्याकूळ झालेला पिता असतो, तेव्हा तिच्यातील विनोद ओसरतो व एक गंभीर प्रश्न उभा राहतो. वस्तू, संस्था वा व्यक्ती यांच्याकडून पैसे घेऊन त्यांच्याविषयी चांगले लिहिणे नीतीला धरून आहे काय? वृत्तपत्रांपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत पसरलेल्या या प्रथेचा थोडा अभ्यास करू.

दोष मोबदल्यात की लपविण्यात?

लेखनाचा मोबदला घेणे हे पाप नव्हे. वैद्य फी घेतो, वकील घेतो, तसा लेखकानेही घ्यावा. पण वैद्याची फी रुग्ण स्वतः देतो. म्हणून सल्ला कोणाच्या हितासाठी आहे, याविषयी शंका उरत नाही. प्रायोजित लेखात पैसे देतो एक आणि विश्वास ठेवतो दुसरा. देणाऱ्याचे नाव वाचकास कळले, तर तो मजकूर तोलूनमापून वाचतो. ते लपविले, तर त्याची तोलण्याची शक्तीच हिरावली जाते. मजकूर अक्षरशः खरा असला, तरीही ही फसवणूक उरतेच. कारण वाचकाने तो निःपक्ष मत म्हणून स्वीकारलेला असतो.

दोन राज्यांचे दोन धडे

१९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाची राजधानी होती. राज्याची सीमा बदलली, तरी मराठी वाचनाचा धागा तुटला नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील २००९ च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’ प्रकरण आपल्याला परके नाही. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे शब्दशः सारखे लेख परस्परस्पर्धी वृत्तपत्रांत निरनिराळ्या नावांनी छापले गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून उघडकीस आणले. वृत्तपत्रीय जाहिरातींवरील त्यांचा घोषित खर्च अवघा ५,३७९ रुपये होता. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

मध्य प्रदेशातही असेच घडले. २००८ च्या निवडणुकीतील पेड न्यूजच्या आरोपावरून आयोगाने २०१७ मध्ये मंत्री नरोत्तम मिश्रा यांना अपात्र ठरविले. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्दबातल केला.

न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानूनच यातून बोध घ्यावयाचा आहे. छापून झालेल्या मजकुरामागील व्यवहार मागाहून सिद्ध करणे अत्यंत दुष्कर असते. भारतीय पत्र परिषदेच्या दोन सदस्यीय उपसमितीने २०१० मध्ये या प्रथेचा सविस्तर अहवाल दिला, पण परिषदेने आरंभी त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले. म्हणून पारदर्शकता लेखाच्या शिरोभागीच हवी, चौकशीच्या शेवटी नव्हे.

वैद्यकाचा विशेष

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने हा विवेक आधीच सांगितला आहे. सार्वजनिक आरोग्य व आरोग्यदायी राहणी यांविषयी वैद्याने स्वतःच्या नावाने वृत्तपत्रांत लिहावे. मात्र त्या लेखनाने स्वतःची जाहिरात वा रुग्णांची ओढाओढ होऊ नये. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, आतिथ्य व रोख रक्कम घेण्यास वैद्यांना मनाई झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयीच्या सूचनांसह नवे विनियम आले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चेच विनियम पुन्हा लागू करण्यात आले.

इतर लेखकांसाठीही नियम झाले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच मोबदला जाहीर करण्याची अपेक्षा ब्लॉग-लेखकांना लागू केली. आपल्याकडे जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्यांना आपला आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख व पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक शिफारशी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

नियमांमागील खरी गोष्ट मात्र माणसाची आहे. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित खोकल्याच्या औषधामुळे अनेक कोवळी बालके दगावली. ते विष कारखान्यातून आले, लेखणीतून नव्हे. तरीही आईबाप बाटलीवरील अक्षरांवर आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर किती निःशंक विसंबतात, हे त्या दुःखाने आपल्याला दाखविले. तो विश्वास विकण्याचा अधिकार कोणासही नाही.

आपलाच आरसा

आता एक अप्रिय प्रश्न. स्मरणिका निघतात कशाच्या बळावर? बहुधा औषध कंपन्या, प्रयोगशाळा व दुकाने यांच्या जाहिरातींच्या. २०१६ च्या दुरुस्तीने भेटींविषयीच्या त्या नियमातून ‘वैद्यांच्या व्यावसायिक संघटना’ हे शब्द वगळले. जे एकट्या वैद्यास वर्ज्य, ते वैद्यांच्या मंडळास मात्र त्या नियमाने वर्ज्य राहिले नाही! कायद्याने मोकळीक दिली, म्हणून नीतीनेही दिली असे होत नाही. जाहिरात जाहिरातीच्या चौकटीत राहावी; तिने लेखाचे वस्त्र पांघरू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

लेखणी उचलण्यापूर्वी चार कसोट्या

१. या मजकुरासाठी पैसा, वस्तू, प्रवास वा सवलत मिळाली आहे काय? असल्यास ते पहिल्याच ओळीत, वाचकाच्या भाषेत लिहिले आहे काय?

२. मोबदला मिळाला नसता, तरी मी हेच लिहिले असते काय?

३. गुणांइतकेच दोष व धोके सांगण्याची मोकळीक मला आहे काय?

४. माझ्या रुग्णासमोर बसून, पैसे देणाऱ्याचे नाव सांगून, हाच लेख मी वाचून दाखवू शकेन काय?

चौथ्या प्रश्नाशी जीभ अडखळली, तर लेखणी खाली ठेवावी. संत्र्याच्या पेटीत वरच्या थरात निवडक फळे रचून तळाशी किडकी दडविणारा व्यापारी एक हंगाम कमावतो आणि पुढचे सारे गमावतो, हे आपल्या बागायतदारांस शिकवावे लागत नाही. शब्दांचा व्यापारही तसाच आहे. पोळी कोणाची हे सांगून वाजविलेल्या टाळीचा ऐकणाऱ्याला धोका नसतो. पोळी लपवून वाजविलेली टाळी मात्र त्याच्या विश्वासावर घाला घालते. वैद्याला तर तो विश्वासच खरे औषध आहे.