चंद्राचा दगड : खरा कोणता, खोटा कोणता?

उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून पडले की आकाशात एखादी जळती रेघ सर्रकन जाताना दिसते. आपण म्हणतो, "तारा तुटला." पण तारा कधी तुटत नाही. तारे फार मोठे आहेत आणि फार दूर आहेत. आकाशात फिरणारा एखादा लहान खडा आपल्या हवेत जोराने शिरतो. तो तापतो, पेटतो आणि जळून जातो. त्याला उल्का म्हणतात. बहुतेक उल्का वरच्या वर संपतात. एखादी मोठी असली तर तिचा उरलेला दगड जमिनीवर पडतो. त्या दगडाला अशनी म्हणतात.

बहुतेक अशनी मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मध्ये फिरणाऱ्या लहान गोलांचे तुकडे असतात. पण फार थोडे अशनी खुद्द चंद्रावरून आलेले असतात. या धड्यात आम्ही त्यांचीच माहिती सांगणार आहोत. कारण चंद्राच्या दगडाच्या नावावर माणसे फसतात. ज्ञान असले म्हणजे फसवणूक टळते.

चंद्रावरून दगड येतो कसा?

पुनवेच्या चांदोबाकडे नीट पाहा. त्यावर काळे डाग दिसतात. कोणी त्याला ससा म्हणतात, कोणी हरीण म्हणतात. ते डाग म्हणजे फार पूर्वी वाहून थिजलेल्या तप्त रसाचा काळा दगड आहे. आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला जो काळा दगड आहे, तोही असाच रस थिजून झालेला आहे. चंद्राचा जो भाग पांढरा दिसतो, तो फिकट रंगाच्या दगडाचा आहे.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे आकाशातला धोंडा वाटेत जळत नाही. तो थेट चंद्रावर आदळतो आणि खड्डा पडतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर असाच धोंडा आदळून झाले आहे. त्याच्या खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. ते काळ्या दगडात पडलेले आहे. म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येऊन अभ्यास करतात.

चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढीच आहे. त्यामुळे मोठा धोंडा आदळला की काही दगड उडून चंद्राच्या ओढीतून सुटतात. त्यासाठी वेग मात्र सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर लागतो. सुटलेले दगड आकाशात भटकतात. त्यांतला एखादा कधीतरी पृथ्वीवर पडतो.

ओळख कशी पटली?

बाजारात तराजू खरा की खोटा हे कसे पाहतात? सरकारी शिक्क्याचे वजन पारड्यात टाकून पाहतात. चंद्राच्या दगडासाठीही असे खात्रीचे वजन हवे होते. ते माणसाने स्वतः आणले. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेची माणसे सहा वेळा चंद्रावर उतरली. त्यांनी ३८२ किलो दगड-माती आणली. रशियाच्या यंत्रांनी थोडी माती आणली. चीनच्या यंत्रांनी २०२० आणि २०२४ साली माती आणली. आपले चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्याने दगड परत आणले नाहीत, पण तिथल्या मातीची तपासणी जागेवरच केली.

जानेवारी १९८२ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना एक लहान दगड सापडला. वजन फक्त ३१ ग्रॅम. म्हणजे लिंबाएवढासुद्धा नव्हे. त्यांनी तो माणसांनी आणलेल्या दगडांशी ताडून पाहिला. जात एकच निघाली. चंद्रावरून आपोआप आलेला म्हणून ओळख पटलेला तो पहिला दगड. आज असे काही शेकडो दगड नोंदलेले आहेत. त्यांतले बहुतेक आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटात किंवा दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात सापडले.

शास्त्रज्ञ नुसता रंग पाहत नाहीत. दगडात लोखंड किती आणि मँगनीज किती, याचे प्रमाण ते काढतात. चंद्राच्या दगडात हे प्रमाण सुमारे ७० ला १ असे असते. दगडातल्या प्राणवायूची जात तपासतात. उघड्या आकाशातल्या किरणांच्या खुणा पाहतात. हे काम मोठ्या प्रयोगशाळेत होते. ते डोळ्यांनी होत नाही आणि हातांनीही होत नाही.

आपल्या रानात सापडेल काय?

भारतात चंद्राचा एकही दगड अजून नोंदलेला नाही. चंद्राचा दगड पडताना जगात कोणी पाहिला, अशीही नोंद नाही. बर्फावर काळा दगड लांबूनच उठून दिसतो. वाळवंटात पाऊस नाही, म्हणून दगड हजारो वर्षे टिकतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस भरपूर. जमिनीवर पालापाचोळा, झुडपे आणि बांधीत चिखल. इथे अशनी पडला तरी तो लवकर झाकला जातो, आणि पाण्याने झिजतो.

शिवाय आपल्याकडे फसवे गोटे पुष्कळ आहेत. एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर लोखंडाच्या दगडाचा आहे. असा दगड जड असतो, काळसर-तांबडा दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात लोहाऱ्याकडेही असा दगड आहे. जुन्या काळी लोखंड गाळत, तिथे भट्टीची मळी पडून असते. ती काळी, चमकदार आणि जाळीदार असते. तिच्यात भोके असतात. अशनीच्या पोटात बहुधा अशी भोके नसतात. ताज्या अशनीवर काळी पातळ साल असते आणि आत रंग फिका असतो.

काही जण म्हणतात, "लोहचुंबक चिकटला, म्हणजे आकाशाचा गोटा." हेही चूक आहे. लोखंडाच्या काही दगडांना आणि मळीलाही चुंबक चिकटतो. उलट चंद्राच्या दगडात सुटे लोखंड फार थोडे असते. त्याला चुंबक फारसा चिकटतच नाही!

नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर शहाणी माणसेही फसतात. हॉलंड देशात ॲमस्टरडॅम शहरी एक मोठे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे चंद्राचा म्हणून एक दगड जपून ठेवला होता. २००९ साली त्याची तपासणी झाली. तो निघाला दगड बनलेल्या लाकडाचा तुकडा! तसले लाकूड आपल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला पाहायला मिळते. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे झाड आहे. त्याची किंमत ज्ञानाची आहे, पण ते चंद्राचे नव्हे.

आपल्याकडे घडलेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट काटोलची. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात आकाशात मोठा आवाज झाला आणि दगड पडले. लहानमोठे तीसच्या आसपास तुकडे जमा झाले. एकूण वजन सुमारे १३ किलो भरले. तपासणीत ते खरे अशनी ठरले. ते चंद्राचे नव्हते, लहान गोलाचे होते. पण पुढे २०२१ साली त्यांत ब्रिजमनाइट नावाचे खनिज सापडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. हे खनिज आपल्या पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असते. तिथवर कोणी खणू शकत नाही. म्हणजे काटोलच्या गोट्याने पृथ्वीच्या पोटातली खबर दिली. ते तुकडे कोणी लपवून विकले असते, तर ही खबर मिळाली नसती.

दुसरी गोष्ट सिंदेवाही तालुक्याची. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशात जळत्या वस्तूंची रांग दिसली. लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर रुंदीचे धातूचे कडे पडले. तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. तो ना तारा होता, ना अशनी. चीनच्या अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. वस्तू पोलिसांच्या ताब्यात गेल्या आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. अशा टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. म्हणून धातूची वस्तू पडली तर हात लावू नये. लेकरांना आणि गुरांना दूर ठेवावे.

फसवणारा कसा बोलतो?

परदेशात चंद्राचे दगड ग्रॅमच्या भावाने, फार मोठ्या किमतीला विकले जातात, हे खरे आहे. म्हणूनच ठग या धंद्यात शिरतात. समजा, एखाद्या गावात असा पाहुणा आला.

पाहुणा म्हणतो, "भाऊ, हा गोटा चंद्राचा आहे. याचे एक कोटी येतील."

शेतकरी विचारतो, "मग घेऊन जा ना जी. पैसे द्या."

"तसे नाही भाऊ. आधी तपासणी करावी लागते. तपासणीचे पन्नास हजार तुम्ही भरा. आणि या कागदावर सही करा."

इथेच ओळखावे! ज्याला कोटी रुपये द्यायचे आहेत, तो आपल्याकडे पन्नास हजार कशाला मागतो? तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे दाखवूनही असेच ठकवतात. बैलजोडी विकून, शेत गहाण टाकून लोकांनी पैसे दिले, की पाहुणा पुन्हा दिसत नाही. आता तुम्हांला वाचता येते. कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. आणि अशा माणसाची खबर पोलीस पाटलाला द्या.

आणखी एक. राखीव जंगलातला दगडही कायद्याने वनउपज आहे. परवानगीवाचून तो उचलून विकणे हा गुन्हा होतो. म्हणून चंद्राचा गोटा शोधायला रान पालथे घालू नये.

खरेच काही पडले तर?

तारीख, वेळ, दिशा आणि आवाज ताबडतोब लिहून ठेवा. दगड जिथे पडला ती जागा खुणेने दाखवून ठेवा. उचलावाच लागला तर स्वच्छ कागदाने किंवा फडक्याने उचला. धुऊ नका, फोडू नका. चुंबक घासू नका, त्याने दगडातल्या जुन्या खुणा पुसतात. हळद, कुंकू, शेंदूर लावू नका. नमस्कार करायचा असेल तर दुरून करावा.

मग तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. आपल्या देशात अशनी सांभाळण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याकडे आहे. हे खाते १८५१ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय कोलकात्याला आहे आणि आपल्या जवळचे कार्यालय नागपूरला आहे. अशनीला जिथे तो पडला त्या ठिकाणाचे नाव मिळते. काटोलचे नाव असेच जगभर गेले.

अर्जाचा नमुना

मा. तहसीलदार साहेब, तालुका ______ यांस,
विषय : आकाशातून पडलेल्या वस्तूबाबत.
मी ______, राहणार ______. तारीख ____ रोजी ____ वाजता आमच्या गावाच्या ____ दिशेला मोठा आवाज झाला. गट नंबर ____ मध्ये एक दगड सापडला. तो होता तसा जपून ठेवला आहे. कृपया तपासणीची व्यवस्था करावी.
अर्जदाराची सही ______

या अर्जाच्या दोन प्रती काढा. एका प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घेऊन ती घरी ठेवा.

लक्षात ठेवा

दगड खरा की खोटा, हे कोणाच्या बोलण्यावर ठरत नाही. ते नोंदीवर आणि तपासणीवर ठरते. नोंद तुम्ही लिहायची, तपासणी शास्त्रज्ञांनी करायची.

शब्दांचे अर्थ

उल्का – आकाशातून जळत येणारा खडा
अशनी – आकाशातून जमिनीवर पडलेला दगड
मळी – लोखंड गाळताना उरणारा टाकाऊ भाग
ताडून पाहणे – एकाशेजारी एक ठेवून सारखेपणा पाहणे

प्रश्न

१. तारा तुटला असे आपण म्हणतो, तेव्हा खरोखर काय घडते?
२. चंद्राचे दगड बर्फात आणि वाळवंटात जास्त का सापडतात?
३. काटोलला पडलेल्या आणि लाडबोरीला पडलेल्या वस्तूंत फरक कोणता?
४. कोणी तपासणीचे पैसे आधी मागितले, तर तुम्ही काय कराल?
५. वरचा अर्ज आपल्या गावाचे नाव घालून वहीत लिहा.