काम सोपवताना

चि. मुक्ता हिस,


सांगलीच्या ऑफिसात तू नवं सॉफ्टवेअर घेतलंस आणि सगळ्या फायली त्यात चढवल्यास, हे ऐकून बरं वाटलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं आणि तुमच्याकडच्या वकिलांची धावपळ दोन गावांत वाटली गेली. सकाळी सांगलीत निशाणी ५ वर युक्तिवाद, त्याच दिवशी कोल्हापूरच्या बोर्डावर दुसरं अपील. टेबलावरची तारखांची डायरी एका वेळी एकाच गावात असते, तेव्हा तुला हे लागणारच होतं. पण परवा फोनवर म्हणालीस, "मामा, आता मला काही लक्षात ठेवावं लागत नाही, सगळी कामं वाटून टाकलीत." ते ऐकून हे पत्र लिहायला बसलो.

वकीलपत्रावर सही तुझी आहे. कैफियत वेळेत गेली नाही, तर ज्युनिअरला नोटिफिकेशन दिसलं नव्हतं अशी नोंद रोजनाम्यात कोणी करत नाही. 'नो डब्ल्यूएस' एवढाच हुकूम होतो आणि अशील तुझ्यासमोर येऊन बसतो. त्यामुळे काम दुसऱ्याकडे जरूर दे, पण त्या कामाची मुदत कुठून मोजली हे तू स्वतः तपासलेलं असू दे. बाकी काही नाही ऐकलंस तरी चालेल, एवढं ऐक.

साध्या दाव्यात समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने कारण नोंदवून वाढवली तर नव्वद. तिथे उशीर झाला तर कधीकधी दंड भरून सुटता येतं. व्यापारी दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलंय. ग्राहक तक्रारीत तीस आणि वर पंधरा, त्यापुढे एक दिवस नाही; तो २०२० चा घटनापीठाचा निकाल. सॉफ्टवेअरमधलं टेम्प्लेट हे दिवस बिनचूक मोजतं, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते माणूस ठरवतो. तुझ्या इंटर्नने समन्स बजावल्याच्या तारखेऐवजी दावा दाखल झाल्याची तारीख टाकली, किंवा अशील पहिल्यांदा ऑफिसात आला ती टाकली, तर पुढची सगळी टास्कं सुबक रांगेत उभी राहतील आणि सगळीच चुकीची असतील. अपिलाचंही तसंच. प्रमाणित नकलेला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. पण अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, हे नकलेवरच्या शिक्क्यातून कोणीतरी वाचून भरावं लागतं. मुदतीचा तो एक रकाना तू स्वतः भर. दोन मिनिटांचं काम आहे.

चेकच्या प्रकरणात तर सगळी कामं पहिल्या दिवशी लिहून ठेवताच येत नाहीत. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस. ती समोरच्याला मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस. ते संपल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. टपालाची पोच हातात आल्याशिवाय तिसरी तारीख ठरत नाही. म्हणून इथे 'पोच तपासणे' हे वेगळं टास्क हवं, त्याला वेगळं नाव हवं. बहुतेक ऑफिसांत हेच काम कुणाचंच नसतं.

नावावरून आठवलं. एका टास्कला दोघांची नावं लावू नकोस. दोघं एकमेकांवर विसंबतात आणि भांडण नंतर तुझ्या केबिनमध्ये येतं. आणि काम लिहिताना 'कैफियत बघणे' असं मोघम लिहू नकोस. काय हवं ते लिही: परिच्छेदवार उत्तराचा कच्चा मसुदा, गुरुवारी संध्याकाळपर्यंत, सोबत अशिलाकडून मागवायच्या कागदांची यादी. कायद्याची शेवटची तारीख आणि तुला मसुदा हवा ती तारीख, या दोन्ही वेगवेगळ्या दिसू देत. ज्युनिअरला एकच तारीख दिसली की तो तिच्या आदल्या रात्री लिहायला बसतो. आपणही तसेच होतो, जाऊ दे.

'पूर्ण' वर टिचकी मारायला काही लागत नाही, म्हणून त्यासोबत पुरावा मागायची सवय लाव. दाखल केलं तर दाखल नंबर किंवा शिक्क्याची प्रत जोडलेली हवी. ई-कोर्ट्समधून सोळा अक्षरी सीएनआर नंबरावर पुढची तारीख आपोआप येते, ही मोठी सोय. पण 'शेवटची संधी' दिली का, दंड लावला का, हे त्या तारखेत दिसत नाही. रोजनामा वाचून दोन ओळी लिहिणं हेही टास्कच समज.

तुझ्याकडचे कारकूनकाका स्क्रीनकडे पाठ करून बसतात, अशी तुझी तक्रार आहे. नक्कल विभागात कुठल्या खिडकीशी काय बोलायचं हे त्यांना ठाऊक आहे, तुझ्या इंटर्नला नाही. त्यांना मराठीत, फोनवर वाचता येतील अशी छोटी कामं पाठव. नोंद करायचं काम शेजारी बसून ज्युनिअरला करू दे. पण काकांना वेगळं लॉगिन दे. सगळं ऑफिस एकाच पासवर्डवर चाललं तर कोणी काय केलं याची नोंद कवडीमोल. अशिलाचं गुपित राखायचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातलंय, तेव्हा कौटुंबिक प्रकरणाची फाईल इंटर्नला उघडता येणं बरं नाही. इंटर्न गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद.

अंतिम मसुदा वाचणं, तडजोडीवर सल्ला देणं आणि निकाल विरुद्ध गेल्याचं अशिलाला सांगणं, ही तीन कामं कोणाच्याही नावावर टाकू नकोस. बाकी मात्र खरोखर सोपव. मसुदा आला की स्वतः नव्याने लिहायला बसतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. लाल शेरे मार आणि परत पाठव. नाहीतर ज्युनिअर दोन वर्षं तुझ्याकडे राहील आणि झेरॉक्स काढायला शिकून जाईल.

या शनिवारी तिघांना समोर बसवून चालू टास्कांची पूर्ण यादी वाच. ज्याला एकच नाव नाही, ज्याची मुदत कुठून मोजली ते कोणाला सांगता येत नाही, ते प्रत्येक काम त्याच बैठकीत दुरुस्त कर आणि मगच घरी जा.

तुझा,
मामा