कच्चं मांस, हाडं आणि कॅल्शियमचा हिशेब

कुत्रा जर मांसाहारी प्राणी आहे, तर त्याला भात कशाला घालायचा? गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या दादाने हा प्रश्न आमच्या श्रीवर्धनच्या घरी टाकला आणि फराळ बाजूला राहून वाद पेटला. विषय होता आमचा खंड्या. वय सहा, वजन सोळा किलो, जात अस्सल गावठी. आजवर त्याचं जेवण म्हणजे भात, माशाचं कालवण आणि रविवारी मटणातली हाडं. दादाचं म्हणणं, हे सगळं बंद करून त्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडं सुरू करायची. आजीचं म्हणणं, "रक्ताची चटक लागली की तो शेजारच्यांच्या कोंबड्या धरील." मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. वाद घालण्यापेक्षा आकडे मांडावेत असं ठरवून मी वाचायला बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे देत आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे इंग्रजी शब्द मधे मधे डोकावतील, ते सांभाळून घ्या.)

ही कल्पना आली कुठून?

इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ साली 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक लिहिलं आणि कच्च्या आहाराची लाट आली. याला 'बार्फ' म्हणतात. त्यामागचा विचार सोपा आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा शिकार कच्ची आणि हाडांसकट खातो, म्हणून कुत्र्यानेही तसंच खावं.

पण कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून त्याचं पोटही बदललं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की स्टार्च पचवणाऱ्या एका जीनच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. म्हणजे भात हे काही कुत्र्याला विष नाही. आजीचा एक पॉइंट इथेच झाला!

मग नुसतं मांस दिलं तर?

बहुतेक लोक चुकतात ते इथे. कुत्र्याला चांगलं द्यायचं म्हणून बोनलेस चिकन आणतात आणि रोज तेच घालतात. मांसात प्रोटीन भरपूर असतं, पण कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. कुत्र्याला हवं असतं जवळजवळ उलट, म्हणजे फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्त. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते. बँकेत पैसे भरायचे नाहीत आणि काढत मात्र राहायचं, असा हा प्रकार. मोठ्या कुत्र्यात हे कळायला वेळ लागतो, पण पिल्लांचे पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडू शकतं. निसर्गात लांडगा हाडंही खातो म्हणून त्याचा हिशेब जुळतो.

कच्चा आहार देणारे लोक साधारण असं प्रमाण सांगतात: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के इतर अवयव. रोजचं जेवण वजनाच्या दोन ते तीन टक्के. खंड्यासाठी अडीच टक्के धरले तर ४०० ग्रॅम. त्यात हाड हवं ४० ग्रॅम. कोंबडीच्या पंखात सुमारे ४५ टक्के हाड असतं, म्हणजे पंख झाले साधारण ९० ग्रॅम. उरलेलं २७० ग्रॅम बिनहाडाचं मांस, २० ग्रॅम कलेजी, २० ग्रॅम गुर्दा. कलेजी स्वस्त मिळते म्हणून पाव किलो घालायची नाही. व्हिटॅमिन ए शरीरात साठत जातं आणि त्याचा त्रास होतो. शिवाय एवढं करूनही व्हिटॅमिन ई, झिंक, मँगनीज कमी पडू शकतात. म्हणून हा फॉर्म्युला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कायमचा करू नये.

हाड कच्चंच का?

मटेरियल सायन्स शिकलेल्यांना हे पटकन कळेल. हाड हे कॉम्पोझिट आहे. हायड्रॉक्सिॲपेटाइट हे खनिज कडकपणा देतं आणि कोलॅजेनचे तंतू चिवटपणा. हाड शिजलं की कोलॅजेनचं जिलेटिन होतं, चिवटपणा जातो आणि उरतो तो ठिसूळपणा. असं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार काड्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. रविवारच्या मटणातली हाडं आमच्याकडे बंद झाली ती याच कारणाने. अर्थात कच्चं म्हणजे सगळं सुरक्षित असंही नाही. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या पायाचं जाड हाड चावताना कुत्र्याची दाढ फुटू शकते. कोंबडीचं मऊ हाडसुद्धा समोर बसूनच द्यावं, कारण हावरा कुत्रा ते न चावता गिळतो.

खरा धोका कुठे आहे?

धोका फक्त कुत्र्याला नसून घरातल्या माणसांनाही आहे. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला असू शकतो. तो कुत्र्याला काही न करता त्याच्या विष्ठेतून आणि तोंडातून घरभर फिरतो. म्हणूनच अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली.

आपल्याकडे याहून मोठी भीती हायडॅटिडची. मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी म्हणून कलेजी, फोफसा फुकट मिळतो. त्यात एकायनोकॉकस या फीतकृमीच्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात. कुत्रा ठणठणीत दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, अंगावरच्या केसांना चिकटतात आणि तिथून मुलांच्या हाताला, हातातून तोंडात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. मटणाच्या दुकानातले अवयव शिजवूनच घालावेत, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलचा डोस वेळेवर द्यावा.

तिसरी गोष्ट बर्ड फ्लू. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने मेले, आणि संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हा विषाणूही मरत नाही आणि साल्मोनेलाही मरत नाही. त्यातून कोकणातला पावसाळा! ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनला कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नसेल तर फ्रीजर हे नुसतं कपाट असतं.

आम्ही काय केलं?

तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून दिवाळीनंतर बदल सुरू केला. पहिले तीन दिवस पाऊण जेवण जुनं, पाव नवं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण नवं. दहा दिवस गेले. मांस एकाच प्रकारचं, कोंबडीचं, रोज ताजं आणलेलं. गुर्दा बकऱ्याचा असल्यामुळे उकडून. वेगळी सुरी, वेगळा पाट, नंतर साबणाने हात. शी पांढरी आणि खडूसारखी झाली तर हाड जास्त, सैल आणि काळपट झाली तर कलेजी जास्त, एवढं आई आठवड्यात शिकली. खंड्याच्या दातांवरचा पिवळा थर कमी झाला. शेजारच्यांच्या कोंबड्या आहेत तेवढ्याच आहेत.

मे महिन्यात दादा-वहिनी दीड वर्षाच्या भाच्याला घेऊन राहायला येणार होते. भाचा रांगत रांगत खंड्याच्या ताटलीपाशी जाणार आणि खंड्या त्याचं तोंड चाटणार, हे उघड होतं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अगं, कच्चं की शिजवलेलं हा एक प्रश्न आणि कॅल्शियम किती हा दुसरा. दोन्हींची गाठ कशाला मारतेस?" मला हे फार पटलं. मांस उकडायचं, हाड काढून टाकायचं आणि कॅल्शियम दुसरीकडून द्यायचं. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात ४० टक्के कॅल्शियम. खंड्याला दिवसाला साधारण एक ग्रॅम हवं, म्हणजे अडीच ग्रॅम पूड, अंदाजे अर्धा चमचा. कवचं उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी बारीक केली. आता उकडलेलं चिकन, थोडा भात, थोडी भाजी, मोजकी कलेजी, अर्धा चमचा पूड आणि आठवड्यातून एकदा काटे काढलेला उकडलेला बांगडा. काही कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवल्यावर ते जातं. दादाने आधी तोंड वाकडं केलं, पण स्वतःचा मुलगा खंड्याच्या गळ्यात पडलेला पाहून तोही गप्प बसला.

ज्याच्या घरी लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा आजारी कोणी नाही आणि ज्याला रोज ताजं मांस मिळतं, त्याने कच्च्या आहाराचा विचार डॉक्टरांना विचारून जरूर करावा. बाकीच्यांनी शिजवावं. कुत्र्याचं त्यात काही कमी होत नाही, हिशेब मात्र बरोबर हवा.

आता हॉस्टेलकरांसाठी दोन शब्द. फीस्टच्या रात्री बिर्याणीतली हाडं आपल्या गेटवरच्या मंडळींना प्रेमाने टाकली जातात. ती शिजलेली असतात, म्हणजे वर सांगितलेल्या काड्या. ग्रेव्हीतल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्याऐवजी साधा भात आणि उकडलेलं अंडं द्या. मेसच्या काकांना सांगितलंत तर अंड्याची कवचंही बाजूला ठेवतील.